चौदाव्या मैलावरचा निळा गोल

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी एक जुनी सायकल आहे आणि मला घंटी नाही. कधीच नव्हती. ज्याने मला घडवलं त्याच्या मते शर्यतीच्या सायकलीला घंटी म्हणजे नुसतं वाढीव वजन. पुढे दुखानच्या लोकांनी याच गोष्टीवरून माझी भरपूर थट्टा केली. घंटी नाही, मडगार्ड नाही, मागे कॅरिअर नाही, ही कसली सायकल म्हणे! मी तेव्हा नाक मुरडायचे. आता नाक मुरडावं असं माझ्यात काही उरलेलं नाही. कतारमधल्या दुखान नावाच्या तेलाच्या वसाहतीत, एका क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी भिंतीला टेकून उभी आहे. पुढच्या चाकात हवा नाही, चेन गंजून तांबडी झाली आहे आणि गेले तीन शुक्रवार मला कुणी बाहेर काढलेलं नाही. या तीन शुक्रवारांपायीच मी तोंड उघडलं आहे. एरवी मी स्वतःचं रडगाणं गाणाऱ्यांतली नाही.

माझा जन्म फ्रान्सच्या उत्तरेला, रूबे नावाच्या कापडगिरण्यांच्या गावात झाला. साल एकोणीसशे एकोणपन्नास. एका अरुंद बोळात एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं. लढाईत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या आठ बोटांनी त्याने माझ्या पोलादी नळ्या कापल्या, घासल्या, पितळ वितळवून सांधे जोडले आणि अंगाला बाटलीसारखा हिरवा रंग दिला. काम संपल्यावर त्याने मला एका बोटावर तोलून उचललं आणि हसला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मी अजून विसरलेले नाही.

मला घेतलं मोरीसने. कोळशाच्या खाणीत तो विजेची कामं करायचा. सहा दिवस जमिनीखाली आणि रविवारी माझ्यावर. त्या मुलखातले रस्ते तुम्ही पाहिले नसतील, म्हणून सांगते. सपाट जमीन, दोन्ही बाजूंना बीटची शेतं, लांबवर खाणीतून काढलेल्या काळ्या मातीचे डोंगर, लाल विटांची ठेंगणी घरं, आणि समुद्राकडून येणारा बोचरा वारा. गावाबाहेर पडलं की डांबर संपायचं आणि दगडी फरसबंदी सुरू व्हायची. एकेक दगड पावाएवढा, वर फुगलेला. पावसात त्यावर बीटच्या गाड्यांचा चिखल पडला की भलेभले तोंडावर आपटायचे. मोरीस ऑर्शी गावाच्या बाजूच्या फरसबंदीवर शिरण्याआधी खाली उतरायचा, माझ्या टायरमधली थोडी हवा सोडायचा, आणि मग रस्त्याच्या मधोमध किंवा अगदी कडेच्या मातीच्या पट्टीवरून मला काढायचा. टायर जरा मऊ असलं की दगड कमी टोचतात. अंग खिळखिळं व्हायचं, पण मला ते आवडायचं.

लांबचा फेरा कासेलच्या टेकडीपर्यंत. त्या टेकडीवर एक पवनचक्की आहे आणि आभाळ स्वच्छ असलं तर तिथून समुद्राची रेघ दिसते. वाटेत लढाईत मेलेल्या सैनिकांची थडगी लागतात, पांढऱ्या दगडांच्या रांगाच्या रांगा. तिथून जाताना मोरीस पॅडल मारायचं थांबवायचा आणि टोपी काढून हातात धरायचा. चाकं आपसूक फिरत राहायची. वयाच्या मानाने तो फार कमी बोलायचा. त्याचा भाऊ त्याच रांगांपैकी एकीत होता.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर अडलेलं आहे. मोरीसकडे प्रत्येक वाटेचं एक कार्ड असायचं. माझ्या हँडलला मेणकापडाची पिशवी बांधलेली होती, तिच्यात ही कार्डं, पेन्सिलींचे दोन तुकडे आणि एक खोडरबर. कार्डावर गावांची नावं, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, फरसबंदी असेल तिथे नागमोडी रेघ, आणि पाणी मिळेल तिथे निळ्या पेन्सिलीने एक छोटा गोल. निळा गोल म्हणजे चर्चमागचा हातपंप किंवा चौकातला नळ. चार वर्षं आम्ही तिथे फिरलो, पण त्यातला एकही गोल कधी खोटा ठरला नाही. एका गावातलं तर चर्चच लढाईत बाँबने पडलं होतं, तरी मागचा पंप होता तिथेच होता. त्यामुळे खोडरबर पिशवीत नुसता पडून राहिला. तो कशासाठी असतो याचा मोरीसला कधी विचारच करावा लागला नाही.

त्रेपन्न साली मोरीसला इथल्या तेल कंपनीत नोकरी लागली. बोटीतून मी त्याच्याबरोबर आले. खाऱ्या वाऱ्याने माझा रंग तेव्हाच उडायला लागला. दुखानला उतरले आणि मला वाटलं, आपल्याला फसवलं. ना झाड, ना शेत, ना चर्च. उन्हात उभं केलं तर ट्यूब फटकन फुटायची. पण मोरीसची खोड जाईना. तेलविहिरींपासून उम सईदच्या बंदरापर्यंत तेलाचा पाइप टाकलेला होता आणि त्याच्या कडेने खडीचा कच्चा रस्ता होता. मैलामैलावर आकडे रंगवलेले खांब होते. थंडीतल्या शुक्रवारी आम्ही त्या रस्त्यावर निघायचो. वाळूचा पट्टा आला की तो उतरून हवा सोडायचा, अगदी ऑर्शीला सोडायचा तशी. पाइपच्या जोडावर बसलेले मजूर आमच्याकडे बघून हसायचे.

तिथल्या स्टोअरमध्ये शफीक नावाचा क्लार्क होता. मूळचा रत्नागिरीकडचा, हर्णै बंदराचा. बारीक अंगकाठी, पांढरा स्वच्छ शर्ट, आणि अक्षर असं की साहेब लोक त्याच्याकडून मुद्दाम नावं लिहून घ्यायचे. मोरीसच्या कार्डांनी त्याला वेडच लावलं. एवढ्याशा पुठ्ठ्यावर सगळा रस्ता मावतो याचं त्याला भारी कौतुक. मोडक्या इंग्रजीत दोघांचं छान जुळलं. मग छप्पन साल उजाडलं. दूर कुठेतरी कालव्यावरून लढाई जुंपली आणि फ्रेंच माणसाकडे लोक वाकड्या नजरेने बघायला लागले. मोरीसला आठ दिवसांत निघावं लागलं. जाताना मला त्याने शफीकच्या हवाली केलं, पिशवीसकट. वाळूत हवा सोडायला शिकवलं, कार्ड कसं करायचं ते शिकवलं. खोडरबराबद्दल काही बोलला नाही. त्याला तरी काय ठाऊक!

शफीकने मला जिवापाड जपलं. दर गुरुवारी संध्याकाळी चेन पुसून तेल द्यायचा. आणि मग त्याने त्याचं पहिलं कार्ड केलं, पाइपच्या रस्त्याचं. मैलांचे खांब, मऊ वाळूचे पट्टे, वळणं, सगळं त्या सुंदर अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत. रस्त्यावर मजुरांच्या टोळ्या काम करायच्या तिथे कंपनी पाण्याचे ड्रम ठेवायची. शफीकने त्या जागी निळे गोल काढले. एक गोल होता चौदाव्या मैलावर. कार्ड इतकं देखणं झालं की बघणाऱ्याने मागावंच. लॉरी ड्रायव्हर अबूबकरने एक नक्कल करून घेतली, सर्व्हेच्या लोकांनी दोन, वर्कशॉपमधल्या कुणीतरी एक. शफीकच्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझ्याही, खोटं कशाला बोलू.

सत्तावन्न साली मुनाफ आला. शफीकच्या बायकोचा, नूरीचा, एकुलता एक भाऊ. आई लहानपणीच गेलेली, नूरीनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. ती हर्णैला मुलीबरोबर, सिताराबरोबर राहायची. मुनाफला बोटीत बसवताना तिने मास्तरांकडून शफीकला पत्र लिहून घेतलं होतं. शफीक ते पत्र स्टोअरमधल्या खणात ठेवायचा आणि अधूनमधून काढून वाचायचा. एकदा त्याने अबूबकरला वाचून दाखवलं म्हणून मला ठाऊक. नूरीने लिहिलं होतं, मुनाफला तुमच्या पदरात घालते आहे, जसा पाठवला तसा मला परत आणून द्या.

मुनाफ एकवीस वर्षांचा. हसरा, उतावळा, पायात बळ असलेला. मडगार्ड नाही म्हणून मला नावं ठेवायचा आणि शुक्रवार आला की मलाच मागायचा.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात पाइप रंगवणाऱ्या टोळीचं चौदाव्या मैलावरचं काम संपलं. टोळी दुसऱ्या फाट्यावर गेली. ड्रम न्यायचा तर स्टोअरची चिठ्ठी लागते. त्या दिवशी मी स्टोअरच्या दाराशीच टेकून होते. शफीकने तीसेक चिठ्ठ्या लिहिल्या, दोर, रंग, ब्रश, हातमोजे, आणि त्यातच एक, सात नंबरचा ड्रम हलवावा म्हणून. खाली सही केली. चिठ्ठीवर तो सात नंबरचा ड्रम होता आणि कार्डावर तो निळा गोल होता. या दोघांची गाठ शफीकच्या डोक्यात पडलीच नाही. आमच्याकडे फ्रान्समध्ये पाणी जागेवर असायचं आणि माणूस फिरायचा. इथे पाणीच फिरतं, हे मलाही सुचलं नाही. मी सुद्धा तिथेच उभी होते, ऐकत होते.

जून महिना. बकरीद आठवड्यावर आलेली. शुक्रवारी सकाळी तीस मैलांवरच्या मधल्या छावणीतून फोन आला. हर्णैचा हमीद देशाहून येऊन तिथे पोचला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे उम सईदला जाणार होता. नूरीने त्याच्याबरोबर गाठोडं दिलं होतं. आमसुलं, सुके बांगडे, आणि मुनाफसाठी ईदचा सदरा, तिने स्वतः शिवलेला. शुक्रवारी लॉरी नसते. मुनाफला काही दम निघेना. शफीक जाणार होता खरं तर, पण दोन दिवस त्याचं पोट बिघडलेलं. त्याने मुनाफला म्हटलं, उद्या कुणाकडून तरी मागवू. मुनाफ म्हणाला, तीस मैल म्हणजे काय हो भाय, दुपारच्या आत पोचतो, रात्री हमीदकडेच झोपतो.

निघेपर्यंत आठ वाजले होते. शफीक दारापर्यंत आला, माझी पिशवी उघडून त्याने कार्ड वर काढून ठेवलं.

"वाटेत पाणी?" मुनाफने विचारलं.

"चौदाव्या मैलावर ड्रम आहे. कार्डावर बघ."

मित्रांनो, त्या दोन वाक्यांवर एक माणूस गेला. मी निघताना खुशीत होते. माणसाला पुढचं कळत नाही, सायकलीला तरी कुठून कळणार?

चौदाव्या मैलापर्यंत मुनाफने बाटली संपवली, कारण पुढे ड्रम आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जपून प्यावं असं कशाला वाटेल त्याला? खांब आला. ड्रम नव्हता. वाळूत त्याच्या बुडाचा गोल ठसा तेवढा होता, वाऱ्याने अर्धा भरलेला. मुनाफने कार्ड काढून बघितलं, खांबावरचा आकडा बघितला, पुन्हा कार्ड बघितलं. तेव्हा मागे फिरला असता तर वाचला असता. पण शफीकभायचं कार्ड चुकेल असं त्याच्या मनाला शिवलंच नाही. त्याला वाटलं आपणच चुकलो, ड्रम जरा पुढे असेल. तो पंधराव्या मैलापर्यंत गेला. मग परत चौदाला आला, पाइपच्या पलीकडे जाऊन बघितलं. मग पुन्हा पुढे. या शोधाशोधीत दोन तास गेले आणि ऊन डोक्यावर आलं. सोळाव्या मैलापुढे माझं मागचं चाक बसलं. त्याने ट्यूब काढली, पण उन्हाने सोल्यूशन पातळ होऊन गेलं होतं, ठिगळ धरेना. मग शमाल सुटला. इथे वाऱ्याला शमाल म्हणतात, तो आला की हाताचं बोट दिसत नाही.

तो मला ढकलत चालत राहिला. टाकून दिलं असतं तर बरं झालं असतं, पण उसनी आणलेली वस्तू टाकायची नाही ही घरची शिकवण. एकोणिसाव्या खांबापाशी त्याने मला पाइपला टेकवलं आणि माझ्या सावलीत बसायचा प्रयत्न केला. माझी सावली ती केवढी! नळ्यांच्या दोन रेघा. तो बराच वेळ बहिणीशी बोलत होता, सदऱ्याचं माप बरोबर आहे का वगैरे. मग बोलायचा थांबला. मला घंटी नाही, हे मला त्या दिवशी जेवढं लागलं तेवढं पुन्हा कधी लागलं नाही. वाजवली असती तरी ऐकायला कोण होतं म्हणा.

शनिवारी सकाळी अबूबकरच्या लॉरीला आम्ही सापडलो. दोघांनाही एकाच लॉरीत टाकून आणलं. कंपनीच्या कागदावर उष्माघात असं लिहिलं गेलं. कोकणातली पाचसहा माणसं होती, त्यांनी त्याला आंघोळ घातली, नमाज पढली, माती दिली. कफनाचं कापड काढायला शफीक स्टोअरमध्ये आला, त्या कापडाची चिठ्ठी करायला त्याने चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं, आणि मागची पानं उलटता उलटता थांबला. सात नंबरचा ड्रम. खाली त्याची सही, वळणदार. मी दाराशीच होते. तो खाली बसला तो अबूबकरने उठवेपर्यंत उठला नाही.

नूरीला त्याने लिहिलं, मुनाफ ऊन लागून गेला, अल्लाची मर्जी. त्या पत्रात ड्रम नव्हता, कार्ड नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट त्याने केली नाही, तिचा मला आजही राग येतो. ज्यांच्याकडे कार्डाच्या नकला होत्या त्यांना त्याने सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं की नूरीपर्यंत जायला किती वेळ? त्याची जीभ उचलली नाही. नकला घेतलेले काही जण बदलून गेले, काहींनी आपलं कार्ड नव्या माणसाला दिलं, नव्याने आणखी एक उतरवून घेतलं. तो खोटा गोल हातोहात फिरत राहिला. आणि मी स्टोअरमागच्या शेडमध्ये पाच वर्षं पडून राहिले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला. दर दोन वर्षांनी देशात जायची रजा मिळायची, तीही त्याने घेतली नाही.

त्रेसष्ट साली कंपनीने त्याला कुटुंबासाठी हे क्वार्टर दिलं, आणि सामानाबरोबर मीही मागच्या या शेडमध्ये आले. आता न बोलावण्याला काही सबब उरली नाही. नूरी आणि सितारा बोटीने आल्या. सितारा दहा वर्षांची, डोळ्यांत भरणारी चौकस. नूरी मी ऐकलं होतं त्यापेक्षा गप्प. पहिल्याच आठवड्यात तिला शफीकच्या पेटीत हमीदने मागाहून पोचवलेला तो सदरा सापडला, घडी न मोडलेला. तिने तो छातीशी धरला नाही की रडली नाही. बाहेर आणून दोरीवर उन्हात टाकला, कसर लागू नये म्हणून.

त्याच गुरुवारी संध्याकाळी सिताराने मला शेडमधून ओढून काढलं. नूरी मागच्या पायरीवर मासे साफ करत बसली होती, शफीक खाटेवर. सिताराने पिशवी उघडली. मोरीसची कार्डं तिला वाचता येईनात, तिने बापाचं अक्षर ओळखलं आणि मोठ्याने वाचायला लागली. सहावा मैल, मऊ वाळू. नववा मैल, मोरी. चौदावा मैल.

"बाबा, हा निळा गोल कसला?"

"पाण्याचा," शफीक म्हणाला.

"मामू याच रस्त्याने गेला होता ना? मग त्याला पाणी का नाही मिळालं?"

नूरीचा हात थांबला. मला वाटलं, आता शफीक पुन्हा काहीतरी गुळमुळीत सांगणार. पण नाही. त्याने सगळं सांगितलं. ड्रम, चिठ्ठी, सही, आणि दारात मुनाफला दिलेलं उत्तर. नकला फिरताहेत हेही सांगितलं. त्याने काही गाळलं नाही.

नूरीने विचारलं, "तुम्ही मला लिहिलंत, ऊन लागलं."

"ते खोटं नव्हतं."

"पुरतं खरंही नव्हतं."

सिताराच्या हाताला पिशवीतला खोडरबर लागला होता, चौदा वर्षांत एकदाही न झिजलेला. गोल पुसू का, असं तिने हळूच विचारलं.

"पुसू नकोस," नूरी म्हणाली. "तुझ्या हातातला पुसशील, बाकीच्यांच्या हातातला कोण पुसणार?" आणि ती शफीककडे वळली. "पाणी आहे म्हणून लिहिलंत ना? मग तिथे पाणी असायला पाहिजे."

तिने मासे पुरे केले, हात धुतले, आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाला शफीक उठला तेव्हा पायरीवर पाण्याचे दोन डबे भरून ठेवलेले होते. आठवड्याभरात माझ्या पाठीवर वर्कशॉपमधून लोखंडी कॅरिअर जोडून आणला. जन्मभर ज्याला मी वजन म्हटलं तेच अंगावर आलं, आणि मी काही बोलले नाही. चौदाव्या खांबाशी शफीकने दगडांचा आडोसा केला, त्याच्या सावलीत डबे ठेवले, साखळीने एक पेला बांधला. जाताना चौदा मैल भरलेले डबे, येताना चौदा मैल रिकामे. वाळूचा पट्टा आला की तो उतरायचा आणि माझी हवा सोडायचा. त्या खांबाजवळ पोचायच्या आधी थोडं अंतर तो पॅडल मारायचं थांबवायचा. मोरीस असं करायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पाच वर्षं, एकही शुक्रवार चुकला नाही. डबे रिकामे मिळाले की त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. कधी शेळ्या घेऊन वाळवंटात भटकणारे बदू प्यायचे, कधी बंद पडलेल्या लॉरीतले मजूर. एकदा कुणीतरी डबाच पळवला, शफीकने निमूट दुसरा ठेवला. एकदा दगडाखाली कुणाचं तरी कार्ड सापडलं, मळकं, तिसऱ्याच माणसाच्या हातचं. निळा गोल बरोबर चौदावर होता. त्याने ते नूरीला आणून दाखवलं. ती बघून नुसती हं म्हणाली.

नूरीने त्याला माफ केलं का, ते मला माहीत नाही. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. शुक्रवारी तो परत येईपर्यंत ती जेवायची नाही, एवढं मी बघितलं आहे. रागाने की काळजीने, ते तिचं तिला ठाऊक.

आता अडुसष्ट साल आहे आणि जून महिना. शफीकच्या छातीने दगा दिला. तीन आठवड्यांपूर्वी त्याला दोह्याच्या इस्पितळात नेलं, नूरी आणि सितारा त्याच्यापाशी आहेत. लॉरीत चढवताना त्याने नूरीला विचारलं ते मी शेडमधून ऐकलं. "शुक्रवारचं काय?" ती म्हणाली, "इन्शाल्ला, बघू." अबूबकर केव्हाच देशात गेला. कुणाला सांगायचं राहून गेलं, आणि एकदा घाईत राहून गेलं ते राहिलंच. दुसरीकडून नवा डांबरी रस्ता झाला आहे, पाइपच्या रस्त्याने फारसं कुणी जात नाही. जातो तो नवखाच असतो, आणि त्याच्या खिशात कुणीतरी दिलेलं कार्ड असतं. या दिवसांत दोन डबे तीन दिवसांवर टिकत नाहीत. मी हिशेब केला, तो रिकामा पेला गेले तेवीस दिवस साखळीला लोंबकळतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला तेल द्या, आम्हाला पावसात ठेवू नका, आम्हाला भंगारात घालू नका. मला यातलं काही नको. मी गंजले तर गंजू दे. तुम्ही कुणाला वाट सांगितली असेल, पाणी कुठे मिळेल ते सांगितलं असेल, तर एकदा परत जाऊन बघा, ते अजून तिथे आहे का. ड्रम हलवणारा हात तुमचा असेल तर आधी धावत जाऊन सांगा, लाज वाटली तरी सांगा. आणि दुखानमध्ये कुणी हे ऐकत असेल तर दोन डबे भरून चौदाव्या खांबाशी ठेवून या. माझी ट्यूब बदललीत तर मी अजून तेवढी जाऊन येईन.

आज बुधवार आहे. परवा शुक्रवार.